सातव्या गाण्याची चौकशी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गाडीखाली गेलेली माणसं गोळा केली. त्यातलं बरंचसं आता आठवत नाही. एका गाण्याची चौकशी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. त्यात कोणी मेलं नव्हतं. हातकडीसुद्धा बाहेर काढावी लागली नाही.

माझं शिक्षण सातवी. त्या काळी तेवढ्यावर भरती व्हायची. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नावं कुणाची देणार नाही. का देणार नाही ते शेवटी सांगतो.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. मी डोंबिवलीला होतो. आमच्याकडे सकाळी हजेरी झाली की मोठे साहेब टपाल वाटायचे. तक्रारी अर्ज, पासपोर्टची पडताळणी, कोर्टाची समन्सं. माझ्या वाट्याला बहुतेक अर्ज यायचे, कारण म्हातारा हवालदार लोकांशी बोलून मिटवतो असा माझ्याबद्दल समज होता. फौजदार झालो तरी मला सगळे हवालदारच म्हणायचे.

त्या दिवशीचा अर्ज एका गाण्यांच्या कंपनीचा होता. कंपनीचं ऑफिस ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोच्या मागे. अर्जातली हकीकत अशी. कॅसेटच्या जमान्यात आपल्याकडे एक गायिका फार गाजली होती. पॉप गाणी म्हणायची. हळद असो, गणपती असो, तिची कॅसेट लागल्याशिवाय मांडवात कोणी नाचायचं नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. या कंपनीने तिच्या घरच्यांकडून हक्क घेतले आणि तिची कधीच बाजारात न आलेली बारा गाणी शोधून त्यांचा संग्रह काढला. मोबाईलवर आला, सीडीही काढल्या. लोकांनी उचलून धरला. त्यातलं सातवं गाणं सगळ्यांत जास्त वाजलं. रिक्षात तेच, दुकानात तेच.

आणि मग कंपनीला एक निनावी पत्र आलं. दोनच ओळी. ‘सातवं गाणं मॅडमनी म्हटलेलं नाही. जिने म्हटलं तिचं नाव टाका.’

कंपनीचा मालक घाबरला. ज्या रेकॉर्डिस्टकडून त्याने जुन्या टेपा घेतल्या होत्या, त्याने खोटा माल देऊन फसवणूक केली असा अर्ज त्याने आमच्याकडे दिला. मोठ्या साहेबांनी अर्जावर शेरा मारला, ‘चौकशी करून तथ्य असल्यास गुन्हा दाखल करावा.’ मला बोलावून म्हणाले, “आठवडा देतो. सोमवारी मला हो किंवा नाही पाहिजे. हो असेल तर म्हाताऱ्याला आत घ्या.”

पत्र मी उलटसुलट करून पाहिलं. अक्षर बाईचं वाटत होतं, जपून काढलेलं. कागद कुठल्यातरी रजिस्टरमधून फाडलेला. मागच्या बाजूला छापील रकाने होते, बालकाचे नाव, वय, वजन. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. असा कागद माणूस मुद्दाम वापरत नाही. हाताशी असतो म्हणून वापरतो.

रेकॉर्डिस्ट सत्तरीचा होता. डोंबिवली पूर्वेला तळमजल्याच्या एका खोलीत त्याचा स्टुडिओ होता, तो बंद पडून जमाना झाला. भिंतीवर अजून काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या होत्या आणि त्याच गाद्यांच्या आत तो एकटा राहत होता. खाटेखाली टेपांचे खोके. प्रत्येक खोक्यावर शाईने लिहिलेलं, गाण्याचं नाव, गायिकेचं नाव. पंच बोलावून पंचनामा केला. सातव्या गाण्याच्या खोक्यावरही गाजलेल्या बाईचंच नाव होतं. शाई जुनी, कागद जुना. आत्ता चिकटवलेला नव्हता.

त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं. मारझोड मी कधी केली नाही असं म्हणणार नाही. पण या माणसाला हात लावायची गरज नव्हती आणि लावला असता तर तुटला असता. मी त्याला चहा दिला आणि बोलू दिलं. तीन दिवस तो रोज येऊन बाकावर बसायचा. मशीनबद्दल विचारलं की तासभर बोलायचा. टेपला बुरशी कशी लागते, हेड कशाने पुसायचं, कुठलं मशीन कुठून आणलं. माणसाबद्दल विचारलं की चहाचा कप तोंडाला लावायचा.

“काका, गाणं कुणाचं आहे?”

“खोक्यावर लिहिलंय ना साहेब.”

“लिहिलं कोणी?”

“मीच.”

“मग तुम्हीच सांगा की.”

“चहा मस्त करतो हो तुमचा माणूस. आलं घालतो काय?”

नोकरीत एक गोष्ट पाहिली आहे. स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस स्वतःबद्दल फार बोलतो. मी गरीब, मी आजारी, माझी मुलं. जो दुसऱ्याला झाकतो, तो वस्तूंबद्दल बोलतो. हा दुसऱ्या जातीचा होता. पण कुणाला झाकतोय ते कळेना. आवाजाची तपासणी करायला टेप प्रयोगशाळेत पाठवली असती तर उत्तर यायला माझी निवृत्ती उजाडली असती. आणि सोमवार जवळ आला होता.

शनिवारी संध्याकाळी घरी आलो. बायको मेथी निवडत बसली होती. मी मोबाईलवर ते सातवं गाणं लावलं, पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं. मला गाण्यातलं काही कळत नाही. बँडवर राष्ट्रगीत सुरू झालं की उभं राहायचं एवढंच माझं शिक्षण.

चौथ्यांदा लावल्यावर ती म्हणाली, “अहो, ही ती बाई नाही.”

“तुला कोणी विचारलं?”

“नका विचारू. पण ही ती नाही.”

“आवाज तर तोच आहे.”

“आवाज असेल तसा. ही पुढे म्हणणारी बाई आहे.”

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, “नीट सांग. मला सोमवारी उत्तर द्यायचंय.”

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. तिचं माहेर शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठचं. लहानपणापासून हळदीच्या गाण्यांना बसलेली. म्हणाली, “आमच्याकडे हळदीला एक बाई पुढे म्हणते, बाकीच्या मागून म्हणतात. पुढे म्हणणारी गाणं सरळ म्हणते. गिरक्या घेत नाही. घेतल्या तर मागच्या बायांना उचलता येत नाही. आणि ओळीचा शेवट ओढत बसत नाही, पटकन सोडते, म्हणजे मागच्यांना सुरुवात करता येते. ही बघा. सोडली ओळ. तुमची ती मॅडम कधी ओळ अशी सोडायची का? ती शेवटाला लोंबकळायची, लोकं शिट्ट्या मारेपर्यंत.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे ही बाई कुणाला तरी गाणं शिकवतेय. आता कुणाला ते तुम्ही शोधा, पगार तुम्हाला आहे.”

आणि परत मेथी निवडायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिलो तर म्हणाली, “काड्या तरी उचला.”

रविवारी सकाळी मी युनिफॉर्म न घालता रेकॉर्डिस्टच्या खोलीवर गेलो. वही, पेन काढलं नाही. खाटेवर बसलो आणि एकच विचारलं.

“काका, सातव्या गाण्यात ती मॅडमला शिकवतेय ना?”

तो स्टोव्हला पिन मारत होता. पिन तशीच हातात राहिली. म्हणाला, “तुम्हाला गाण्यातलं कळतं?”

“मला नाही कळत. घरात कळतं.”

मग बोलला. मॅडमचे रोज कार्यक्रम असायचे. नवीन चाल बसवायला त्यांना वेळ नव्हता. म्हणून गाणं आधी दुसऱ्या एका मुलीकडून म्हणवून घ्यायचे. त्यांच्या धंद्यात तिला डमी म्हणतात. मॅडम दुपारी यायच्या, कानाला हेडफोन लावून त्या मुलीचं गाणं ऐकायच्या आणि तसंच म्हणायच्या. टेपवर जिथे मुलीचा आवाज असेल, त्याच जागी मॅडमचा आवाज चढवायचा. मुलीचा पुसला जायचा. खोक्यावर पहिल्यापासून मॅडमचंच नाव, कारण स्टुडिओ त्यांच्या नावाने घेतलेला.

“किती गाणी पुसली मोजली नाहीत,” तो म्हणाला. “सगळी याच हाताने. हे एकच राहिलं. त्या दिवशी मॅडमचा घसा बसला होता. पुढची तारीख ठरली. मग त्यांचं कंपनीशी वाजलं आणि ती तारीख आलीच नाही.”

“म्हणजे त्या मुलीचं जगात एवढंच एक गाणं आहे?”

“एवढंच.”

“आणि विकताना तुम्हाला हे माहीत होतं.”

तो माझ्याकडे बघून हसला. “साहेब, पुसणारा मी. मला नाही माहीत तर कुणाला? माझ्या मागे हे खोके भंगारात जातील. म्हटलं, कुणाच्याही नावाने का होईना, वाजू दे.”

आता कायद्याने बघाल तर संपलं होतं. कबुली आली. त्याच क्षणी वही काढून जबाब लिहायला पाहिजे होता. मी लिहिला नाही. चूक म्हणा.

बाईचं नाव त्याने दिलं. टिटवाळ्याला एका अंगणवाडीत मदतनीस होती. मला त्या फाडलेल्या कागदाचे रकाने आठवले, बालकाचे नाव, वय, वजन. सोमवारी सकाळीच मोठ्या साहेबांकडून संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली आणि मोटारसायकल काढली. शहाडचा पूल ओलांडून टिटवाळ्याला पोचलो तेव्हा ती दारातच होती. टांगलेल्या तराजूच्या झोळीत एक पोर रडत होतं आणि ती काटा वाचत होती. पन्नाशीची, बारीक अंगाची. मला बघून तिने पोराला झोळीतून काढलं आणि विचारलं, “पत्राचं ना?”

“नाव का नाही टाकलंत पत्राखाली?”

“टाकलं असतं तर म्हणाले असते, नावासाठी लिहिलं.”

“मग कशासाठी लिहिलं?”

“नावासाठीच.”

तिलाच हसू आलं. मग सांगायला लागली. गाणं सोडून दिल्यावर तिने घरात कधी विषय काढला नाही. मुलाचं लग्न झालं, सून आली. एक दिवस सून मोबाईलवर तेच गाणं ऐकत भांडी घासत होती. ही म्हणाली, अगं हे मी म्हटलंय. सून म्हणाली, “हो का आई? मग विमान पण तुम्हीच उडवलं असेल.” मुलगा पण हसला. तिने भांडण केलं नाही. कपाटावरचं जुनं रजिस्टर काढलं, एक पान फाडलं.

“त्यांनी दुसरं काही देऊ नये साहेब. सीडीच्या मागे सातव्या नंबरला माझं नाव छापावं. सुनेला दाखवीन आणि गप बसेन.”

मी तिला सांगितलं की तिच्या पत्रामुळे रेकॉर्डिस्टवर फसवणुकीचा अर्ज झालाय आणि आज संध्याकाळी त्याला अटक होऊ शकते. तिचा चेहरा उतरला. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटलेलं, कंपनी पत्र वाचेल, चूक सुधारेल, झालं.

“दादांना?” एवढंच म्हणाली. “अहो, स्टुडिओत मला खुर्ची देणारा तो एकच माणूस होता.”

संध्याकाळी सगळे ठाण्यात. कंपनीचा मालक, रेकॉर्डिस्ट, ती बाई. मालक वाईट माणूस नव्हता, धंदेवाला होता. त्याने सरळ हिशेब मांडला.

“हवालदारसाहेब, गाणं मॅडमचं म्हणून गेलंय. नाव बदललं तर सगळा माल परत, वर मॅडमच्या घरचे मला कोर्टात खेचणार. मग मला दाखवावं लागेल की फसलो मी. म्हणजे काकांवर गुन्हा पाहिजे. बाईंनी पत्र मागे घेतलं तर माझी तक्रार नाही. मी पण अर्ज मागे घेतो. चहा पिऊन घरी.”

रेकॉर्डिस्ट बाईला म्हणाला, “तू नाव घे गं. माझं काय, सरकारी जेवण मिळेल.”

“गप बसा तुम्ही,” ती म्हणाली. “जेलमध्ये आलं घालून चहा देतात का?”

मग मला विचारलं, “साहेब, यांना माहीत होतं असं लिहिलं तर काय होईल?”

“गुन्हा दाखल होईल. अटक होईल.”

“आणि नव्हतं माहीत असं लिहिलं तर?”

“तर लेबलची चूक. फसवणूक होत नाही.”

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर जप्तीच्या गाड्या गंजत पडलेल्या असतात, बघण्यासारखं काही नाही. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “लिहा. नव्हतं माहीत. खोक्यावर मॅडमचं नाव होतं, त्यांची काय चूक? आणि मला नाव नकोय.”

मालक लगेच म्हणाला, “गाणं बाईंचं नाहीच, पत्र गैरसमजातून लिहिलं असं लिहा.”

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “ते मी लिहिणार नाही. गाणं तिने म्हटलंय हे जबाबात येणार. कागद आमच्या फायलीत राहील, तुमच्या सीडीवर येणार नाही. मंजूर असेल तर बसा, नसेल तर मी सगळंच पहिल्यापासून लिहायला घेतो.”

मालकाने मान हलवली.

जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला. नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. रेकॉर्डिस्टला माहिती नव्हती हेही लिहिलं. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. जबाब देणारीचा असतो, मी लिहिणारा, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. आज घालत नाही. लिहिलं ते समजून उमजून लिहिलं.

जबाब झाला की वाचून दाखवायचा नियम आहे. मी वाचायला लागलो. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की, सदर संग्रहातील अनुक्रमांक सात चे गाणे मी स्वतः गायलेले असून त्यातील आवाज माझा आहे.’

तिने हात वर केला. “तेवढं परत वाचा ना.”

मी परत वाचलं. टेबलावर टाईप करणारा शिपाई थांबला. रेकॉर्डिस्ट खाली मान घालून बसला होता.

“अजून एकदा,” ती म्हणाली, “मग सही करते.”

मी तिसऱ्यांदा वाचलं, जरा मोठ्याने. तिने सही केली. अक्षर पत्रासारखंच, जपून काढलेलं. मालकाने अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. मोठ्या साहेबांनी सगळं चाळलं, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि शेरा मारला, ‘अर्ज दप्तरी दाखल.’ म्हणजे संपलं.

अहवालात एक रकाना भरायचा राहिला होता. डमीची माहिती कुठून मिळाली? मी लिहिलं, ‘खात्रीलायक बातमीदाराकडून.’ आमच्यात असंच लिहितात. बातमीदाराचं नाव कधी कागदावर येत नाही.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, “मग माझं नाव लिहिलंत का?”

“खात्रीलायक बातमीदार असं लिहिलं.”

“बातमीदार? मी काय पानाची टपरी चालवते?” आणि हसत हसत जेवण वाढलं. पण दोन दिवस मी हाक मारली की ओ द्यायची नाही. म्हणायची, “कोण? बातमीदार का? ती बाहेर गेलीय.”

या चौकशीने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. एक तर खोक्यावर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवू नये. आणि कामं पुष्कळ अशी असतात की एक माणूस पुढे म्हणतो आणि नाव मागून म्हणणाऱ्याचं होतं. पोलीस खात्यात तर रोज. गस्तीवरचा शिपाई चोर पकडतो, पेपरात फोटो साहेबाचा येतो. मला याची चीड यायची. पण मी पण तेच केलं आणि मला कळलंसुद्धा नाही.

गाणाऱ्या बाईचा तो जबाब हा बहुतेक जगातला एकच कागद आहे ज्यावर ती गायिका होती असं लिहिलंय. मागे काही कामाने ठाण्यात गेलो तेव्हा रेकॉर्ड रूमच्या कारकुनाला विचारलं. म्हणाला, “साहेब, दप्तरी दाखल अर्ज किती वर्षं ठेवणार? जागा कुठाय? पुढच्या खेपेला लगद्याला जातील.” नियम मला माहीत आहे, तसे कागद मी स्वतः लगद्याला पाठवलेत. सातवं गाणं अजून वाजतं. मॅडमच्या नावाने.

माझी बायको गेल्या वर्षी गेली. पोटाचा आजार निघाला, दोन महिन्यांत आटपलं. आता मेथी मी निवडतो. काड्या पण मीच उचलतो. स्वयंपाक जमतो तसा जमतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, नावं का देणार नाही ते सांगतो. गाणाऱ्या बाईने नाव नको असं माझ्यासमोर सही करून दिलंय. ते मी पाळतो. रेकॉर्डिस्ट वारला, त्याचं नाव घेतलं तर तिचं उघडं पडेल. मालकाचं नाव घ्यायचं कारण नाही. पण बातमीदाराने मला तसं काही लिहून दिलेलं नव्हतं. उलट तिने नाव मागितलं होतं.

तर अहवालातली ती ओळ मी इथे दुरुस्त करतो. नाव वनिता. धंदा घरकाम. माहेर शहाडच्या पुढे, नदीकाठी. सातव्या गाण्याचा तपास तिने लावला. जबाब घ्यायचा राहून गेला.